गोदूबाईच्या माठाखालचा गळा

मित्रांनो, मी एक जुना गळा आहे. गाणाऱ्याचा नव्हे, रांजणाचा. वय विचाराल तर दोन हजारांच्या आसपास. शंभर-दोनशे वर्षं मी सोयीप्रमाणे कमीजास्त करतो. मला घडवणारा कुंभार एका हाताने चाक फिरवी आणि दुसऱ्या हाताने बांगडे भाजी, असं मी सांगतो. माझ्या पोटातल्या परदेशी मद्याचा वास घेऊनच खाडीतले खेकडे तिरके चालू लागले, हेही मीच सांगतो. त्यावर विश्वास ठेवू नका. पुढचं मात्र खरं आहे.

मंडणगड तालुक्यात खाडीकाठी आमची वस्ती होती. ती ओस पडली, घरं मातीत गेली, त्यांच्याबरोबर मीही गेलो. मग केव्हातरी भिकाजी नावाच्या शेतकऱ्याला मुलगी झाली, मथुरा. मूल जन्मलं की परसात माड लावायचा, ही त्या घरची रीत. खड्डा खणताना पहार माझ्यावर बसली. मी, म्हणजे गळा, तुटून वर आलो. पोट खालीच राहिलं आणि त्यावर मथुरेचा माड लागला.

भिकाजीच्या बायकोने, गोदूबाईने, मला घासून धुतलं, पडवीत उलटं ठेवलं आणि वर पाण्याचा माठ बसवला. गोल बुडाचा माठ जराही डुगडुगेना. ती शेजारणींना कौतुकाने दाखवी. पंचवीस वर्षं मी तो माठ तोलला. एवढं कौतुक माझं राजवाड्यातही झालं नव्हतं. म्हणजे, मी राजवाड्यात गेलो असतो तर.

१९८४च्या मार्चात पुण्याहून पुरातत्त्वाचे सोहोनी सर जुन्या वस्तीचा शोध घेत आले. दोन चर खणले, निघाला नुसता जांभा दगड. परवानगीचे पाच दिवस उरले. काही मिळालं नाही, तर इथे वस्ती नव्हती असं ते अहवालात लिहिणार होते. म्हणजे मी कधी जन्मलोच नव्हतो, असं ठरणार होतं! आणि सर रोज माझ्यावरच्या माठातलं पाणी पीत होते, नजर मात्र नकाशात.

त्याच सकाळी गोदूबाईने माठ उचलून विहिरीवर नेला, पाणी प्यायला आलेल्या सरांना मी दिसलो आणि त्यांचा तांब्या हातातच राहिला. मला उलटंपालटं करून त्यांनी ती परत येताच विचारलं, "हे कुठं सापडलं? जागा कळली नाही, तर हे नुसतं खापर आहे."

खापर म्हटल्याचा मला राग आला. गोदूबाईने मात्र एकदा माडाकडे पाहिलं. मथुरा मुंबईला सासरी गरोदर होती. अशा दिवसांत तिच्या माडाच्या मुळाशी खणायचं?

"खाडीच्या कडंला गावला," ती म्हणाली.

थापा हा माझा प्रांत. ती बाई कधी खोटं बोलली नव्हती. म्हणून सरांनी ते खरं धरलं आणि तीन दिवस माणसं चिखल उपसत राहिली. चिखलाने माखून ती पाणी प्यायला आली, की गोदूबाई आत जाऊन बसे. चौथ्या दिवशी ती सरांपुढे उभी राहिली.

"म्या खोटं सांगितलं. परसात गावला तो. पन पोरीचा माड हाय वर. मुळाला कुदळ लागली, तर तिला काय सांगू?"

सर रागावले नाहीत. म्हणाले, "कुदळ लावत नाही. तुम्ही काठावर बसा. तुम्ही थांब म्हणाल तिथे माझा हात थांबेल."

दोन दिवस ती बसली. चाळीस वेळा 'थांबा' म्हणाली, मी मोजलं आहे. गवंड्याच्या करणीने आणि कुंचल्याने माती सरत गेली. चुलीची राख निघाली, करपलेला तांदूळ निघाला आणि मग माझं पोट. माडाच्या मुळांनी त्याला आतून-बाहेरून कवटाळलं होतं. सरांनी मला नेऊन तुटल्या कडेवर टेकवलं. मी नेमका बसलो. मित्रांनो, एवढा मी थापाड्या, पण हे सांगताना एकही थाप लागत नाही.

पोट काढायचं, तर मुळं तोडावी लागणार होती. गोदूबाईने आधीच त्यांचे तीन दिवस वाया घालवले होते. आता थांबा म्हणायचा तिला धीर होईना. सरांनीच करणी खाली ठेवली. चित्र काढलं, फोटो घेतले, मापं लिहिली आणि स्वतःच्या हाताने माती परत लोटली.

मी आता पुण्यात एका कपाटात असतो. अंगावर शाईने जागा लिहिली आहे : मथुरेच्या माडाखाली. मित्रांनो, मातीतून काही वर आलं, तर धुण्याआधी ते कुठे सापडलं हे लिहून ठेवा. नाहीतर आमच्यासारख्या थापाड्यांवरच तुम्हाला विसंबावं लागेल. आणि खणण्याआधी वर कोणाचं काय उभं आहे, तेही विचारा.

अहवालात सरांनी लिहिलं, इथे वस्ती होती. त्याखाली एक ओळ आहे : 'चर अपुरा सोडला. कारण, माड जिवंत आहे.'