कंटेनरमध्ये कालचा दिवस

सकाळी साडेनऊला स्क्रीनवर पुन्हा लाल फुली उमटली आणि धाकटीने कपाळावर हात मारून घेतला. टीममध्ये सगळ्यांत नवी, म्हणून ती धाकटी. डायलिसिस केंद्रात कोणत्या पेशंटची पाळी कधी, हे दाखवणारं सॉफ्टवेअर ही टीम बनवत होती. दुपारी नवी आवृत्ती केंद्राकडे जायची होती.

कोड बदलला की एक तात्पुरता कंटेनर, म्हणजे संगणकातच बनवलेला छोटा बंदिस्त संगणक, उभा राहायचा, त्यात चाचण्या चालायच्या आणि निकाल लागताच तो आतल्या पसाऱ्यासकट नाहीसा व्हायचा. मागे उरायची एकच ओळ : आजची यादी जुळत नाही.

"जेवण झाल्यावर परत चालव, होईल पास," टीमचे प्रमुख म्हणाले. त्यांना सगळे काका म्हणत. "आठवडाभर हेच चाललंय. सकाळी रुसतं, दुपारी हसतं."

"पण का, काका?"

"आपण बघायला जाईपर्यंत तिथे काही उरतच नाही. छडा लावणार कसा?"

धाकटीला काही राहवेना. तिने चाचण्या चालवणाऱ्या जॉबच्या फाइलमध्ये एक ओळ घातली : चाचणी फसली तर कंटेनर अर्धा तास तसाच ठेव. बटण दाबलं. फुली आली, पण कंटेनर जिवंत होता! ती कमांड देऊन थेट आत शिरली. फाइली जागच्या जागी. डेटाबेस चालू. मेमरी भरपूर.

"सगळं ठीक आहे हो!"

काका खुर्ची ओढून शेजारी बसले. धाकटीने कंटेनरला सहज तारीख विचारली.

"काका, आत अजून कालचाच दिवस आहे!" ती इतक्या जोरात ओरडली की पलीकडची टीम उठून उभी राहिली.

"अगं, घड्याळ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या वेळेवर आहे त्याचं. आपली सकाळ होते तेव्हा तिकडे तारीख बदललेलीच नसते."

"आणि केंद्राचा सर्व्हरही त्याच वेळेवर चालतो." ती काकांकडे वळली. "म्हणजे चाचणी खरं सांगत होती. उद्या सकाळी तिथे आदल्या दिवसाची नावं दिसली असती!"

दोघांनी मिळून तारीख केंद्राच्या वेळेला बांधली. अकराच्या आत हिरवी खूण आली. काकांनी टेबलावर थाप मारली.

धाकटीने ताईला फोन लावून सगळं सांगितलं. ताई त्याच केंद्रात नर्स.

"बाप रे! सकाळी सहाच्या पाळीला मी एकटीच असते गं. स्क्रीनवर नाव दिसलं की हाक मारते. बरं झालं तू हटून बसलीस!"

"थांब ताई," म्हणत धाकटीने फोन स्पीकरवर टाकून काकांसमोर धरला. "आता परत म्हण. जरा मोठ्याने!"