महाराजांच्या पेटीतले डास

सभागृह खचाखच भरलं होतं. व्यासपीठावर जाळीची मोठी पेटी, पेटीत डासांचे थवे, आणि त्या थव्यांत कोपरापर्यंत उघडा हात घालून डासजित महाराज निवांत हसत बसले होते. एकही डास चावत नव्हता.

"रक्त शुद्ध असलं की डास नमस्कार करून जातो!" महाराज गरजले. "हा दोरा बांधा. हिवताप दारात येऊन माफी मागेल!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. तिसऱ्या रांगेत मावशी बसली होती. शेजारी तिची धाकटी बहीण, आणि बहिणीच्या मांडीवर हिवतापाने मलूल झालेला भाचा. परवाच त्याच्या मनगटावर महाराजांचा दोरा आला होता आणि गोळ्या बंद झाल्या होत्या.

हिवतापाशी लढायला रक्त शिकतं कसं, या एका प्रश्नापायी मावशीने प्रयोगशाळेत उमेदीची वर्षं घातली होती. तरी अजून ती मच्छरदाणी लावूनच झोपायची. आणि हा गृहस्थ तेच शिक्षण दोऱ्यात गुंडाळून वाटत सुटला होता!

"ताई, इथे तरी गप्प बस," बहीण कुजबुजली.

"त्याला गोळी देतेस?"

"महाराज म्हणाले, गोळीने दोऱ्याची शक्ती जाते."

"मग नाही बसत गप्प."

कालच तिने ती पेटी जवळून निरखली होती. सगळ्या डासांच्या मिशा पिसांसारख्या झुपकेदार, आणि कोपऱ्यात साखरपाण्याचा बोळा. असले डास ती प्रयोगशाळेत रोज सकाळी निवडून बाजूला काढायची. आज ती प्रयोगशाळेतल्या डासांची आपली छोटी पेटी घेऊन आली होती. ती घेऊन ती थेट व्यासपीठावर चढली.

"महाराज, शुद्ध रक्ताला पेटी कुठलीही चालेल ना? यात हात घाला."

महाराजांचं हसू मावळलं. "हे... हे डास नास्तिक आहेत."

"डासांनाही धर्म असतो होय?" मागून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला.

मावशीने स्वतःचाच हात घातला. बघता बघता त्यावर लाल गांधी उठल्या.

"घाबरू नका, हे प्रयोगशाळेत वाढलेत, यांच्यात रोग नाही. पण या माद्या आहेत. रक्त फक्त मादी पिते, अंड्यांसाठी. महाराजांनी निवडून नुसते झुपकेदार मिशांचे, साखरपाण्यावर जगणारे नर भरलेत. ते पाळण्यातल्या बाळालाही चावायचे नाहीत!"

एक जाडजूड दुकानदार तावातावाने उठला. "पण दोरा बांधल्यापासून मला ताप नाही, त्याचं काय?"

"आणि लहानपणी?"

"तेव्हा सारखा यायचा." त्याचा आवाज उतरला. "धाकटा भाऊ त्यातच गेला."

"तो ताप सोसून सोसून तुमचं शरीर थोडंफार लढायला शिकलंय. दोऱ्याने नाही. या पोराचं अजून शिकायचंय, आणि शिकता शिकताच मुलं जातात."

महाराजांनी पेटीवर शाल टाकली. त्यांची ध्यानाची वेळ झाली होती म्हणे.

बहिणीने ताईचा सुजलेला हात पाहिला, मग महाराजांचा गुळगुळीत हात. दोऱ्याची गाठ सुटेना, तशी तिने तो दातांनी तोडला. पर्समधून गोळ्यांचं पाकीट काढलं. ते तिने फेकलं नव्हतं.

"पाणी आहे का हो कुणाकडे?"

चमत्कार दिसला की हात जरूर जोडावेत. पण त्याआधी एकदा पेटी बदलून बघायला सांगावं.