सिदचा डावा खांदा

कुरांबिनच्या कत्तलखान्यात रोहेलिओइतका सफाईचा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. पट्ट्यावरून बैलाचा फरा, म्हणजे खांद्याचा अख्खा तुकडा, समोर आला की सुरी कुठे घालायची हे त्याला बघावंही लागत नसे. हाड सुटून बाजूला पडायचं, आणि त्याला मांसाची चिंधीसुद्धा चिकटलेली नसायची. गावातलं कुणी हे काम करायला राजी नव्हतं. तरुण पोरं खाणींवर नाहीतर सिडनीला गेली होती, उरलेल्यांचे गुडघे गेले होते. म्हणून कंपनीने फिलिपिन्सहून चौदा कारागीर स्पॉन्सर करून आणले. बाकोलोदच्या बाजारात बापाच्या गाळ्यावर डुकरं कापत मोठा झालेला रोहेलिओ त्यांतला सगळ्यात आधी आलेला.

त्याला येऊन चार वर्षं झाली होती. बायको मिला आणि दोन मुली मागे होत्या. गावात भाड्याला घर मिळायचं नाही, सात गडी एका छपराखाली राहायचे, तिथे त्यांना आणून ठेवणार कुठे? कंपनीने इथे कायम राहायच्या परवान्यासाठी नाव पुढे केलं की मग घर, मग मिला, असं त्याने ठरवून टाकलं होतं. तोवर व्हिसा या कारखान्याला बांधलेला. इथली नोकरी गेली की सहा महिन्यांत दुसरा स्पॉन्सर शोधायचा, नाहीतर परत.

सिद हा मिलाचा धाकटा भाऊ. तीन वर्षांपूर्वी कंपनीला आणखी माणसं हवी होती तेव्हा रोहेलिओनेच त्याचं नाव सुचवलं होतं. सुटीवर गेला तेव्हा सहा आठवडे बापाच्या गाळ्यावर उभं करून त्याला सुरी धरायला शिकवलं आणि परीक्षेत पास करवून घेतलं. सिद कामात बेताचाच होता, पण त्याला माणसं जोडता यायची. आल्यापासून वर्षभरात तो क्लबात गायला लागला, म्हाताऱ्यांची गवत कापायची यंत्रं दुरुस्त करून द्यायला लागला. रस्त्याने जाताना लोक त्याला गाडी थांबवून हाक मारायचे. रोहेलिओला चार वर्षांत कुणी तशी हाक मारली नव्हती. "दाजी, जरा हसा," सिद पट्ट्यावर त्याला म्हणायचा, "तुमचं तोंड बघून बैल आपणहून जीव देतील, मग आपल्याला काम काय उरणार?" सगळे हसायचे. रोहेलिओही हसायचा, पण ते त्याला थोडं लागायचंही.

त्या वर्षी मार्चमध्ये सिदच्या डाव्या खांद्यात काहीतरी तुटलं. डाव्या हातातल्या आकड्याने मांस ओढून धरायचं आणि उजव्या हाताने कापायचं, असं दिवसातून शेकडो वेळा करावं लागतं. खांदा बोलायला लागला की माणसाने कळवावं, असं भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. पण ज्यांनी कळवलं त्यांचं पुढे काय झालं हेही सगळ्यांना ठाऊक होतं. सिदने गोळ्या खायला सुरुवात केली आणि रोहेलिओने शेजारी उभं राहून त्याच्या वाटचा दर चौथा फरा आपल्याकडे ओढायला. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. तीन महिने असेच गेले. संध्याकाळी रोहेलिओची बोटं मिटत नसत, तेव्हा सिद त्याच्यासाठी अदोबो आणि भात रांधून ताट पुढे आणून ठेवायचा.

दोन वर्षं पाऊस नव्हता. शेतकऱ्यांनी गुरं आधीच विकून टाकली होती, आता कारखान्यात येणारी गुरं निम्म्यावर आली. कंपनीने जाहीर केलं की यंदा कायमच्या परवान्यासाठी चौदांपैकी सहांचीच नावं जातील. नावं ठरवायची नोलीन टकवेलने. नोलीन कामगार विभाग सांभाळायची. साठीची, भरल्या अंगाची, सगळ्यांना 'बाळा' म्हणणारी बाई. यांची पहिली तुकडी थंडीत विमानातून उतरली तेव्हा ती स्वतः गाडीभर घोंगड्या घेऊन न्यायला आली होती. कुणाचा दात दुखला तरी हीच दवाखान्यात न्यायची. तिच्याबद्दल कुणाच्या मनात वाईट नव्हतं.

तिने रोहेलिओला जेवणाच्या सुटीत बोलावलं, चहा दिला, मुलींची चौकशी केली. मग म्हणाली की पट्ट्यावर कॅमेरा आहे हे तुम्ही पोरं विसरता. तीन महिने ती बघत होती. एका घरातली दोन माणसं यादीत घातली तर बाकीचे बोंबलतील, तेव्हा दोघांपैकी एकच, हे तर वरून आलेलंच होतं. पण सिद गावाचा लाडका. त्याला उगाच वगळलं तर क्लबातला जो तो तिला जाब विचारणार. तिला कारण हवं होतं, आणि ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडायला हवं होतं.

"तू काही सांगायचं नाहीस, बाळा," ती म्हणाली. "तक्रार नको, काही नको. उद्या सकाळी फक्त तुझं तू काम कर. त्याचं त्याला करू दे."

"त्याला नाही जमणार, मॅडम."

"मग तेवढंच दिसेल ना," नोलीन म्हणाली, आणि बिस्किटांचा डबा त्याच्यापुढे सरकवला.

रोहेलिओने बिस्कीट घेतलं. ते त्याने का घेतलं, हे नंतर त्याला कधी सांगता आलं नाही.

त्या संध्याकाळी त्याने सिदला सावध करायला हवं होतं. आजारी आहे असं कळव, दोन दिवस येऊ नकोस, एवढं म्हटलं तरी पुरलं असतं. तो दोनदा त्याच्या खोलीच्या दारापर्यंत गेला. सिद फोनवर मिलाशीच बोलत होता, दाजी किती कंजूष झालेत ते रंगवून सांगत होता, आणि पलीकडून मिला हसत होती. रोहेलिओ ते हसणं ऐकत उभा राहिला आणि मागे फिरला.

सकाळी सहाला पट्टा सुरू झाला. पहिले तीन फरे सिदने काढले. चौथा आला आणि त्याने सवयीने हात मागे घेतला. रोहेलिओने तो ओढला नाही. फरा सिदच्या पुढ्यात येऊन थांबला, मागून पाचवा येऊन त्याला धडकला. सिदला वाटलं, दाजींचं लक्ष नसेल. त्याने तोही कसाबसा काढला. आठव्याला पुन्हा तेच. मग मांस साचायला लागलं. सिदने आकडा मारून ओढायला बघितलं आणि त्याच्या तोंडून हुंकारासारखा आवाज आला.

"दाजी," तो हळूच म्हणाला.

रोहेलिओ आपल्या सुरीकडे बघत होता. त्याच्या पुढ्यातला फरा कधीच कापून झाला होता. तो नुसताच हाडावरून सुरी फिरवत होता. वर काचेपलीकडे नोलीन आणि पाळीचा साहेब येऊन उभे राहिले होते. सिदने मान वर करून त्यांच्याकडे बघितलं, मग रोहेलिओकडे, आणि त्याला समजलं. त्यानंतर त्याने एकदाही हाक मारली नाही. दात आवळून तो ओढत राहिला. साचलेल्यातले सहा फरे त्याने काढले. सातव्याला खांद्यातून आवाज आला, तो पलीकडच्या माणसालाही ऐकू गेला. आकडा त्याच्या हातातून सुटला आणि तो तिथेच ओल्या फरशीवर बसला. पट्टा थांबवला गेला. रोहेलिओच्या समोर त्या वेळी एकही फरा नव्हता.

एवढ्यावर भागेल असं रोहेलिओला वाटलं होतं. पण आठवड्याने नोलीनने पुन्हा बोलावलं. दुखापत कारखान्यात झाली असं ठरलं तर कंपनीला सिदला ठेवावं लागणार, उपचार करावे लागणार. तेव्हा ती जुनी असायला हवी होती. कागद तयार होता. सिद लहानपणी जीपच्या टपावरून पडला होता आणि त्याचा खांदा तेव्हापासून अधू होता, असं त्याच्या बहिणीच्या नवऱ्याने लिहून दिलं होतं. खाली फक्त सही नव्हती. यादी शुक्रवारी जाणार होती, तिच्या टेबलावरच होती, आणि रोहेलिओचं नाव त्यात दुसरं होतं. त्याने सही केली, आणि सिदची नोकरी गेली.

सिद कधी कुठून पडला नव्हता. पण दुसरा स्पॉन्सर खांदा तुटलेल्या माणसाला घेणार नव्हता, आणि वकील गाठायचा तर चार तासांवरच्या शहरात, परक्या भाषेत. सिद कुणाशी भांडला नाही. गावाने त्याला क्लबात निरोप दिला. बायकांनी केक आणले. नोलीनने भाषण केलं आणि गावच्या फुटबॉल संघाच्या सगळ्या खेळाडूंच्या सह्या असलेला सदरा त्याला दिला. सिदने एका हाताने माइक धरून दोन गाणी म्हटली. लोकांनी तिसरं मागितलं.

बसथांब्यावर त्याची बॅग घेऊन रोहेलिओच गेला. बस दिसल्यावर सिद म्हणाला, "ताईला मी सांगितलंय, बाथरूममध्ये घसरून पडलो. तुम्ही पण तेच सांगा."

"सिद, माझं ऐक..."

"तिला इथे यायचंय. पोरींना यायचंय. त्यांना आणा. पण दाजी, मला फोन करू नका."

त्याने बॅग उजव्या हाताने घेतली आणि चढला.

परवाना यायला चौदा महिने लागले. मिला आणि मुली आल्या तोवर पाऊस झाला होता, कुरणं हिरवी होती, गुरं पुन्हा वाढली होती आणि कारखान्याला पुन्हा माणसं कमी पडत होती. नोलीनने घर मिळवून दिलं, मुलींचं शाळेत नाव घातलं, आणि मिलाला मांस बांधायच्या विभागात काम दिलं. मिला खूश होती. फक्त सिदची काळजी तिला लागून राहायची. त्याचा हात खांद्याच्या वर जात नव्हता. तो घरीच असायचा, शेजाऱ्यांचे फोन दुरुस्त करायचा.

कामाला लागल्यावर दुसऱ्या महिन्यात नोलीनने मिलाला सहज विचारलं, घरचं आणखी कुणी यायला तयार आहे का. मग म्हणाली, सिदसारखा गोड पोरगा पुन्हा मिळायचा नाही, पण लहानपणी टपावरून पडलेला तो खांदा, त्याला कोण काय करणार? तुझा नवरा मात्र खरा शहाणा, वेळेवर सगळं लिहून दिलं. मिलाने मान डोलावली आणि पुढचं खोकं बांधायला घेतलं.

घरी येऊन तिने भात टाकला, सुकी मासळी तळली. मुलींना वाढून त्यांना बाहेर खेळायला पाठवलं. मग रोहेलिओसमोर बसून विचारलं, "सिद कुठल्या जीपवरून पडला होता?"

रोहेलिओने सगळं सांगितलं. त्याला वाटलं होतं की ती ओरडेल, ताट फेकेल, मुलींना घेऊन निघून जाईल. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. काचेमागे कोण उभं होतं, सिदने किती वेळा हाक मारली, हेही विचारलं.

"एकदाच," तो म्हणाला.

"त्याने माझ्यासाठी तोंड शिवून घेतलंय," मिला म्हणाली. "मला कळलंय हे त्याला कळता कामा नये. त्याच्याजवळ आता तेवढंच आहे. आणि मी कुठे जाणार नाही. ज्यासाठी त्याचा हात गेला ते मी सोडून देऊ?"

मग तिने सांगितलं की यापुढे दर रविवारी चर्चहून आल्यावर सिदला फोन लागेल, आणि रोहेलिओ समोर बसेल.

तेव्हापासून दर रविवारी मिला फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा करते. सिदचा चेहरा दिसतो. मुली मामाला शाळेतल्या गमती सांगतात. मग मिला म्हणते, बोला आता तुम्ही दोघं. सिद विचारतो, थंडी पडली का, कुणाचं लग्न झालं, क्लबात हल्ली कोण गातं. रोहेलिओ उत्तरं देतो. बहिणीला संशय येऊ नये म्हणून सिद जुन्यासारखी थट्टा करतो, भावाला संशय येऊ नये म्हणून मिला फोनच्या मागे उभी राहून मोठ्याने हसते, आणि ती हसली की रोहेलिओलाही हसावं लागतं. अर्धा तास झाल्याशिवाय ती फोन उचलत नाही.