वाटीभर गोंदातली मधाची कडी

मी एक कडी बोलतेय. दाराची नव्हे हं! सकाळच्या घाईत दूध ओतून खाता ना, त्या मधाच्या चवीच्या कुरकुरीत कड्यांपैकी एक. वेळ थोडा आहे आणि सांगायचं इतकं आहे की मला धाप लागलीये.

माझा जन्म कारखान्यातला. मक्याच्या पिठाचा गोळा साच्यातून बाहेर आला, पात्यानं मला कापलं आणि गरम हवेचा असा झोत अंगावर आला की मी टम्म फुगले. भीतीनंच फुगले असं मला अजूनही वाटतं. मग पाकाचा फवारा! त्यात साखरच जास्त, मध आपला नावाला. खोक्यावर मात्र मधाचा अख्खा बुधला उपडा केलेला! पण काय चकाकत होतो आम्ही! दुधात पडायचं आणि कुणाच्या तरी दाताखाली कुर्रकन वाजायचं, एवढंच आम्हा बहिणींचं स्वप्न.

आमची पिशवी उघडली ती फोटो स्टुडिओत. सजावट करणाऱ्या ताईंनी आम्हाला पांढऱ्या कागदावर पसरलं आणि चिमटा घेऊन निवडायला बसल्या. "ही तुटकी. ही करपलेली. ही तर फारच फेंगडी." माझा जीव मुठीत. तेवढ्यात त्या ओरडल्याच, "अगं बाई, ही बघा! हीच आपली हिरॉईन!"

मी? नव्या खोक्यावर माझा फोटो?

चिमट्यानं मला अलगद वाटीत ठेवलं. थंडगार दुधासाठी मी अंग चोरून घेतलं, तर काय, दूध नव्हतंच. पांढरा, घट्ट गोंद होता!

"दुधात लगेच मऊ पडतात हो, बुडतात," ताई कंपनीच्या मार्केटिंगच्या बाईंना सांगत होत्या. "गोंदात बघा कशा ऐटीत बसतात."

बाईंचं लक्ष घड्याळाकडे होतं. नव्या चित्राचा खोका दुसऱ्या दिवशी छपाईला जायचा होता, साहेबांना संध्याकाळपर्यंत फोटो हवा होता, आणि फोटोसाठी ठरवलेल्या मुलीला नेमका ताप आला होता. म्हणून बाई स्वतःच्याच लेकीला झोपेतून उठवून घेऊन आल्या होत्या.

"बेटा," फोटोग्राफर काका म्हणाले, "चमचा ओठांपाशी न्यायचा, छान हसायचं. खायचं मात्र नाही हं."

चमच्यात मी, माझ्याखाली गोंदाचा गोळा. दिवे लागले. "थोडा वर. हनुवटी खाली. नाही, पुन्हा एकदा. केस मागे घे गं." पुन्हा. पुन्हा. आणि मला आवाज आला, गुर्रर्र! मी दचकले. म्हटलं, कसलं यंत्र सुरू झालं? यंत्र कसलं, तिचं पोट होतं ते! ती कॅमेऱ्याकडे बघतच नव्हती. माझ्याकडे बघत होती. मग तिनं आ केला.

अहो, याच तोंडाची तर मी जन्मापासून वाट बघत होते! पण गोंदासकट? "नको गं, नको!" मी किंचाळले. कडीचं कोण ऐकतंय? खाली उडी मारावी म्हटलं, तर गोंद सोडेना!

"अगं अगं अगं!" ताईंनी झडप घालून तिचं मनगट धरलं. चमचा नाकावर आपटला आणि नाक पांढरं झालं.

"खायचं नाही असं सांगितलं होतं ना तुला?" बाई ओरडल्या.

"मला भूक लागलीये! तूच म्हणालीस, तिथे गेल्यावर खायला मिळेल!"

ताईंनी हळूच विचारलं, "पोरीला काही दिलं नाहीत सकाळपासून?"

"घाईत... आणि मला वाटलं, न्याहारीचीच तर जाहिरात आहे..." बाईंनी मान वळवली. भिंतीला लागून आमचेच खोके रचलेले होते. त्यांनी खसकन एक फोडला. "दूध आणा. खरं दूध!"

"अहो, पण फोटो?"

"फोटो गेला खड्ड्यात. आधी तिला खाऊ दे."

आणि काय खाल्लं तिनं! कुर्रम कुर्रम कुर्रम! दूध हनुवटीवरून ओघळतंय, नाक अजून पांढरंच, आणि माझ्या बहिणी वाजतायत! काकांना राहवेना, त्यांनी धडाधड फोटो काढले.

आता चमच्यासकट मी वाटीत, आणि वाटी मोरीत, कोमट पाण्यात भिजत पडलीये. पलीकडून ताईंचा आणि बाईंचा आवाज येतोय.

"गोंदातल्या कड्या जास्त उठून दिसतात बाई."

"दिसू देत."

"साहेब म्हणतील, दूध सांडलंय, कड्या बुडाल्यात. तुमच्यावरच येईल."

"येऊ दे." बाई ठामच. "लेकीचाच फोटो पाठवा."

म्हणजे खोक्यावर मी नाही. वाईट वाटलं का? वाटलं की, थोडंसं! पण त्या बहिणींचा आवाज तुम्ही ऐकायला हवा होतात!

एक विनंती करते. दूध ओतलंत की आमच्याकडे नुसतं बघत बसू नका, खा! आणि ज्याला भूक लागलीये, त्याला आधी द्या.

अरे, गोंद सुटला! मी तरंगतेय! मऊ पडतेय, कडा विरघळतायत... येते मी. थांबा, ती पलीकडून काय विचारतेय?

"आई, अजून आहेत?"

आहेत गं, आहेत! खोका जरा हलवून बघ!