हँडल कोणासाठी खाली होतं?

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे. सायकलीला बोलता येत नाही, हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. पण त्याचं इतकं वाईट वाटायची वेळ येईल, असं वाटलं नव्हतं.

कारखान्यातून दुकानात आले तेव्हा माझा हिरवा रंग काचेसारखा चमकत होता. जहाजावर नोकरी करणाऱ्या एका माणसाने मला पसंत केलं. त्याला लगेच परत कामावर जायचं होतं, म्हणून "घरी पोचवा" एवढं सांगून तो गेला. टेम्पोत वरच्या फळीला माझं हँडल अडत होतं. दुकानातल्या माणसाने मधला बोल्ट सैल केला, हँडल पार तळापर्यंत दाबलं आणि बोल्ट पुन्हा आवळला. घराशी उतरवल्यावर ते वर करायचं मात्र तो विसरला.

घरात दोघीच होत्या, त्या माणसाची आई आणि बायको. सासूबाई परिचारिका. दवाखान्यातली नोकरी संपल्यावर त्या घरोघर जाऊन इंजेक्शनं देत, जखमा बांधत. सून छापखान्यात मुद्रितं तपासायची. सकाळी मी सुनेची, दुपारनंतर सासूबाईंची.

सासूबाईंचा हात असा हलका, की सुई टोचून झाल्यावर मुलं विचारत, "कधी देणार?" गल्लीत माझी घंटी वाजली, की आजारी माणसं उशी सरकवून नीट बसत. मलाही थोडा ताठा आला होता. का येऊ नये?

पण मित्रांनो, सायकलीला माणूस तळहातांवरून कळतं. हँडल ठीक उंचीवर असलं, की कोपरं किंचित वाकलेली राहतात, खांदे सैल असतात आणि तळहात नुसते ठेवल्यासारखे टेकतात. माझ्यावर बसलं, की दोघींनाही वाकावं लागे. अंगाचा निम्मा भार मनगटांवर येई. सून छापखान्याच्या फाटकाशी उतरली, की आधी मान चोळायची. सासूबाई वाटेत एकेक हात सोडून झटकायच्या.

एकदा सुनेची मैत्रीण म्हणाली, "अगं, हँडल वर का घेत नाहीस? कुबड येईल!"

"नको गं. आमच्या आई बुटक्या. यांनी मुद्दाम त्यांच्या मापाने बसवून घेतलं असणार. वर केलं तर त्यांचे हात पोचायचे नाहीत."

त्याच आठवड्यात एक म्हातारे आजोबा सासूबाईंना म्हणाले, "सिस्टर, इंजेक्शन द्यायला निघालात की शर्यतीला?"

सासूबाई खो खो हसल्या. "सूनबाईची आवड आहे हो ती! तरुण पोरींना असंच लागतं. नवरा बारा महिने पाण्यावर, बिचारीची एवढी एक हौस. ती मी कशाला मोडू?"

दोन्ही बोलणी मी ऐकली. दोघींमध्ये मी एकटीच अशी, जिला सगळं ठाऊक होतं; आणि माझ्याकडे होती फक्त एक घंटी.

पुढे सुनेने माझ्या मुठींना मऊ कापड गुंडाळलं, आईंचे हात दुखू नयेत म्हणून. सासूबाईंना वाटलं, तिने स्वतःसाठी गुंडाळलंय. कापड मळलं, की त्या ते धुऊन पुन्हा तस्संच बांधून ठेवत. इतकी माया होती हो त्या घरात! नुसतं विचारायचं तेवढं राहून गेलं.

वर्षं गेली. सासूबाईंच्या करंगळीला आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येऊ लागल्या. "वयच झालं," म्हणून त्यांनी कानाडोळा केला. मग एकदा एका ताप आलेल्या मुलीला सुई देताना त्यांचा हात डळमळला. मुलगी किंचाळली. त्या बाहेर आल्या, औषधांची पेटी कॅरिअरला लावली आणि माझ्यावर बसल्याच नाहीत. घरापर्यंत मला हातात धरून चालत आल्या. त्यानंतर त्या कोणाकडेच गेल्या नाहीत. लोक बोलवायला येत, तेव्हा म्हणत, "हात थकला आता."

सुनेने हट्टाने त्यांना डॉक्टरांकडे नेलं. परत आल्यावर दोघी अंगणात माझ्यासमोरच थांबल्या.

"आई, डॉक्टर म्हणाले ते खरं असेल? सायकलच्या हँडलवर सारखा भार पडून तळहातातली शीर दबली म्हणतात. पण तुम्हाला तर हँडल खालीच लागतं ना?"

"मला? अगं, मला कशाला लागेल? तुला आवडतं म्हणून मी..."

"मला? माझी तर मान मोडून जाते रोज! मला वाटलं, तुमच्यासाठी..."

सासूबाईंना आधी हसू फुटलं. "काय बाई आपण तरी! शहाण्या गं शहाण्या!" सूनही हसली, आणि हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला.

शेजारून पाना आणून तिने बोल्ट सैल केला, आतली पकड सुटावी म्हणून त्यावर लाकडाचा तुकडा धरून हातोडीने ठोकलं आणि हँडल वर ओढलं. दांड्यावर एक रेघ असते, तिच्यापलीकडे ओढायचं नसतं. तेवढं सांभाळून तिने ते चांगलं चार बोटं वर घेतलं आणि बोल्ट पुन्हा आवळला. चहा उकळायला लागतो तेवढ्या वेळाचं काम!

"बसा बघू, आई."

सासूबाई बसल्या. त्यांची पाठ सरळ झाली, खांदे खाली आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांचे तळहात माझ्यावर अलगद टेकले.

"किती बरं वाटतंय गं," त्या हळूच म्हणाल्या. "कोपऱ्यापर्यंत एक चक्कर मारून येते."

त्यांनी पायडलवर पाय ठेवला आणि सवयीने ब्रेक दाबून पाहिला. बोटं वळली, पण दाबेनात. पुन्हा पाहिलं. तिसऱ्यांदा त्यांनी प्रयत्न केला नाही. उतरल्या, माझी सीट हाताने पुसली आणि म्हणाल्या, "तू जा. तुला छापखान्यात जायला उशीर होतोय."

आता सुनेची मान दुखत नाही. रस्त्यात तिला कोणी "कुबड येईल" म्हणत नाही. फाटकापाशी उभ्या राहून सासूबाई आम्हाला जाताना बघतात.

मित्रांनो, माझ्या चेनला तेल घाला, चाकात हवा भरा, पावसात मला बाहेर ठेवू नका, हे तर मी सांगणारच. पण तुमच्या घरची सायकल दोघांची असेल, तर आज संध्याकाळी दुसऱ्याला तिच्यावर बसवा आणि विचारा, "तुला कसं हवं?" तो "चालेल" म्हणाला, तर त्याच्या कोपरांकडे बघा, आणि पुन्हा एकदा विचारा.