चालकाशी बोलू नये

संध्याकाळचा फोन डबलबेलकाका पहिल्या रिंगला कधी उचलायचे नाहीत. फोन मांडीवर घेऊन कितीतरी आधीपासून बसलेले असायचे, बोट तयार असायचं, पण दोन रिंगा होऊ द्यायचे. सगळा जन्म बसमध्ये कंडक्टरकी करण्यात गेलेला. सिंगल बेल म्हणजे थांबा, डबल बेल म्हणजे चला. दोन रिंगा झाल्या की त्यांची गाडी सुटायची.

"बोल गं बाळा. निघालीस?"

"निघाले बाबा. आत्ताच गेटमधून बाहेर पडले."

फोनवर त्यांची लेक. गावाच्या दुसऱ्या टोकाला एका कुरियरच्या ऑफिसात नोकरीला. सकाळी मुलांचे डबे, सासऱ्यांची औषधं. ऑफिसात साहेबाची कटकट. घरी परतलं की पुन्हा स्वयंपाक आणि अभ्यास. दिवसातला तिचा स्वतःचा म्हणावा असा वेळ एकच, स्कूटरवरून घरी जातानाचा. तेवढा ती बापाला द्यायची. फोन हेल्मेटमध्ये गालाशी खोचायचा आणि बोलत निघायचं. निदान हेल्मेट तरी होतं म्हणा. गावातली बाकीची हेल्मेटं घरोघरी कांदे-बटाट्यांचं रक्षण करत होती.

काकांची बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. दोन खोल्या, दोन खुर्च्या, आणि त्यातल्या एका खुर्चीत कुणी बसायचं नाही. ज्या माणसाने दिवसाला हजार माणसांशी हुज्जत घातली, त्याला आता भांडायलासुद्धा कुणी नव्हतं. कधी कधी ते रिकाम्या खोलीतच म्हणायचे, "पुढे सरका, पुढे सरका, मध्ये जागा आहे." जागा होतीच. सगळीकडे जागाच होती. फोन यायच्या आधी ते दोनदा खाकरून घसा साफ करायचे. नाहीतर दिवसातला पहिला शब्द गंजलेल्या दारासारखा कुरकुरत बाहेर पडायचा.

पण एकदा फोन लागला की काका पुन्हा बसमध्ये! लेकीच्या फोनमधून रस्ता ऐकू यायचा. गचका बसला की म्हणायचे, "शाळेसमोरचा गतिरोधक." करवतीची किरकिर आली की, "लाकडाची वखार. वखारवाले उतरून घ्या." लेक खिदळायची. मग काका तिला बसमधल्या गोष्टी सांगायचे. त्यातल्या खऱ्या किती, ते काकांनाही ठाऊक नव्हतं. एक प्रवासी इतका लठ्ठ होता की तो मागच्या दाराने चढला आणि बसची पुढची चाकं वर झाली. एका म्हातारीने सुट्ट्या पैशांऐवजी कोंबडी दिली, आणि काकांनी उरलेली चिल्लर म्हणून अंडं परत केलं. लेक हसायची, काका फुलायचे, आणि स्कूटर धावत असायची.

आता या रस्त्याचीही एक गंमत आहे. पूर्वी तिथे एक वळण होतं. इतकं वाकडं की वळताना ड्रायव्हरला आपल्याच गाडीची मागची नंबरप्लेट वाचता यायची. तिथे अपघात व्हायचे, आणि गाव म्हणायचं, वळण माणसं खातं. मग अर्ज झाले, मोर्चे झाले, आणि वळण काढून रस्ता सरळ केला. इतका सरळ की या टोकाला कुणी शिंकलं की त्या टोकाचा माणूस रुमाल काढायचा. गावाने सुटकेचा निःश्वास टाकला. आणि अपघात वाढले!

हे सगळ्यात आधी लक्षात आलं ते काकांच्या शेजारणीच्या. सरकारी दवाखान्यात ती हाडांना प्लास्टर घालायची, म्हणून सगळं गाव तिला प्लास्टरबाई म्हणायचं. आता निवृत्त झालेली. तीही एकटीच. तिची जीभ इतकी धारदार की प्लास्टर कापायला तिला करवत लागायची नाही, असं लोक म्हणायचे. काकांचं वर्तमानपत्र ती दुपारी वाचायला न्यायची आणि संध्याकाळी परत आणून द्यायची.

एका संध्याकाळी ती वर्तमानपत्र घेऊन आली तेव्हा काका फोनवर कोंबडीची गोष्ट रंगवत होते. फोन संपेपर्यंत ती दारात उभी राहिली. मग विचारलं, लेक का? काका म्हणाले, हो. गाडी चालवता चालवता बोलते का? काकांनी अभिमानाने सांगितलं, रोज. एक दिवस चुकवत नाही.

"अहो डबलबेल," बाई म्हणाली, "पूर्वी माझ्या टेबलावर यायचे ते सांगायचे, वळण दिसलं नाही हो, अंधार होता, पोटात थोडी गेली होती. आता भर उजेडात, सरळ रस्त्यावर, चांगली शुद्धीतली माणसं मोडून यायला लागली. विचारलं तर म्हणायची, काही नाही, जरा फोनवर होतो. वळणावर माणूस घाबरतो म्हणून जपतो. सरळ रस्त्यावर गप्पा मारतो. रस्त्याचं वळण काढलंत, पण माणसांना वळण कोण लावणार?"

काका म्हणाले, "तिचे हात मोकळे असतात. फोन हेल्मेटमध्ये असतो."

"हात मोकळे असतील. डोकं इथे तुमच्यापुढे येऊन बसलेलं असतं, त्याचं काय?"

काकांना झोंबलं. दिवसभरात एवढा एकच घास सुखाचा, त्यातही हिने खडा शोधावा! आणि मग त्यांच्या तोंडून नको ते गेलं. "तुम्हाला कुणाचा फोन येत नाही, बाई, म्हणून दुसऱ्याचा डोळ्यात खुपतो."

प्लास्टरबाईने वर्तमानपत्राची घडी नीट केली. खुर्चीवर ठेवली. दारापर्यंत गेली आणि वळून एवढंच म्हणाली, "तुमच्या बसमध्ये ड्रायव्हरच्या डोक्यावर काय लिहिलेलं असायचं, आठवतंय का?"

आठवत नसायला काय झालं? लाल अक्षरं होती. गाडी चालू असताना चालकाशी बोलू नये. त्या पाटीखाली काकांचा जन्म गेला होता. ड्रायव्हरला नुसतं "किती वाजले हो?" म्हणून विचारणाऱ्या एका पुढाऱ्याला त्यांनी भर उन्हात खाली उतरवलं होतं. पुढारी ओरडला, मी कोण आहे ठाऊक आहे का? काका म्हणाले, हो, तुम्ही चालत जाणारे आहात. आणि डबल बेल दिली. ही गोष्ट मात्र अगदी खरी.

पण माणसाचं मन मोठं वकील असतं. काकांनी स्वतःला समजावलं, ती पाटी बससाठी होती. बसमध्ये पन्नास माणसं. ही तर एवढीशी स्कूटर, आणि बोलणारा परका थोडाच आहे, बाप आहे.

दुसऱ्या दिवशी दोन रिंगा झाल्या आणि काकांनी फोन उचलला.

त्या दिवशी लेकीचा आवाज दमलेला होता. साहेबाने सगळ्यांदेखत बोल लावले होते. तिला हसवायचंच, असं काकांनी ठरवलं आणि ठेवणीतली गोष्ट काढली, शेळीची. एकदा एक शेळी एकटीच बसमध्ये चढली आणि खिडकीजवळच्या सीटवर ऐटीत बसली. काकांनी तिला अर्धं तिकीट दिलं, कारण उंची कमी. पुढच्या थांब्यावर तपासनीस चढला. लेक हसायला लागली. मागे वखारीची करवत किरकिरायला लागली. तपासनीस एकेकाचं तिकीट बघत शेळीपाशी आला. लेकीला हसू आवरेना. तो म्हणाला, तिकीट दाखवा, आणि शेळीने...

ब्रेकचा आवाज झाला. मग दणका. मग काहीतरी लांबवर घासत गेलं.

फोन चालूच होता. काकांना सगळं ऐकू येत होतं आणि त्यांचं कुणाला ऐकू येत नव्हतं. पावलं धावत आली. कुणीतरी म्हणालं, अरे, पाणी आणा. कुणीतरी म्हणालं, हिला हलवू नका. एक बाई कण्हत होती, आणि तो आवाज आपल्या लेकीचा आहे की नाही, हे बापाला ओळखता येईना. ते नुसते म्हणत राहिले, "बाळा, बाळा." रस्त्यावर पडलेल्या फोनमधून म्हातारा हाका मारत होता, आणि वखारीतली करवत निर्विकारपणे लाकूड कापत होती.

त्या करवतीनेच जागा सांगितली. काका अनवाणी धावत शेजारी गेले. कालचं बोलणं विसरून प्लास्टरबाईचं दार बडवलं. ती एक शब्द न विचारता पायात चपला सरकवून निघाली. तिनेच रिक्षा थांबवली.

लेकीचं मनगट मोडलं होतं. दैव बलवत्तर, डोकं हेल्मेटने वाचवलं. पण रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईला तिने उडवलं होतं. ती बाई शिवणकाम करायची. पायाने मशिन चालवायची, आणि नेमका तोच पाय मांडीतून मोडला होता. दवाखान्यात दोघींना शेजारशेजारच्या खाटा मिळाल्या.

लेक रडत रडत म्हणाली, "बाबा, ती अचानक मध्ये आली हो."

शेजारच्या खाटेवरून शिवणवाली हळूच म्हणाली, "अचानक नाही ताई. अर्धा रस्ता ओलांडून झाला होता माझा. तुम्ही माझ्याकडे बघून हसत होतात. मला वाटलं, हसताय म्हणजे बघितलंय. म्हणून मी पाय पुढे टाकला."

काकांना आपली शेळीची गोष्ट आठवली. हसत लेक होती, पण हसवत कोण होतं?

जाण्याआधी त्यांनी लेकीला सांगितलं, "यापुढे तू गाडीवर असताना मी तुझ्याशी बोलणार नाही."

"मग कधी बोलणार बाबा? दुसरा वेळच नाही मला."

"मग नको बोलूस," काका म्हणाले. आणि बाहेर व्हरांड्यात निघून गेले.

मनगट जुळायला वेळ लागला, मांडीला त्याहून जास्त. तोवर काका शिवणवालीच्या घरी जात राहिले. तिने हाताने टाके घालायचे, काकांनी शिवलेले कपडे घरोघर पोचवायचे. तिने त्यांना माफ केलं की नाही, ते तिने कधी सांगितलं नाही. काकांनीही विचारलं नाही. विचारायचा हक्क त्यांचा नव्हता.

प्लास्टरबाईची माफी मात्र त्यांनी मागितली. म्हणाले, त्या दिवशी मी फार वाईट बोललो. ती म्हणाली, "वाईट बोललात, पण खोटं नाही बोललात. खरंच येत नाही मला कुणाचा फोन." आणि वर्तमानपत्र घेऊन ती त्या रिकाम्या खुर्चीत बसली. काकांनी तिला उठवलं नाही.

लेक पुन्हा कामावर जायला लागली, त्या संध्याकाळी फोन वाजला. दोन रिंगा. काकांनी उचलला. मागे वारा होता, हॉर्न होते. "बाबा..." एवढंच ऐकून त्यांनी फोन कापला. आयुष्यात त्यांनी लाख वेळा सिंगल बेल दिली असेल, पण इतकी जड दोरी कधी ओढली नव्हती.

पुढचे कितीतरी दिवस फोन आला नाही. रागावली असेल. वेळ नसेल. काका सवयीने घसा खाकरायचे आणि मग आठवायचं, आज बोलायचं नाहीये. अंधार पडायच्या सुमारास ते खिडकीशी उभे राहायचे. मनातल्या मनात थांबे मोजायचे: आता शाळा आली असेल, आता वखार, आता घर. आवाज नसलेला तो रस्ता ते रोज तिच्याबरोबर गुपचूप पार करायचे.

आणि एका संध्याकाळी फोन वाजला. दोन रिंगा. काकांनी उचलला आणि काही न बोलता कान दिला. वारा नव्हता. करवत किरकिरत होती, पण जागच्या जागी. मग एक आवाज आला, खट्. स्कूटरचा स्टँड!

"बाबा, वखारीसमोर गाडी लावलीय. हेल्मेट काढलंय. सासूबाईंना सांगितलंय, रोज पाच मिनिटं उशीर होईल. त्यांनी तोंड वाकडं केलं, करू दे." ती थोडी थांबली. "शेळीने काय केलं, ते सांगा."

काकांचा घसा गंजला होता. दोनदा खाकरावं लागलं. मूळ गोष्टीत शेळीने तपासनिसाची टोपी खाल्ली होती. पण आता त्या शेवटाला अर्थ उरला नव्हता.

"शेळी काहीच बोलली नाही गं. नुसतं वर पाटीकडे बोट दाखवलं. चालकाशी बोलू नये. आणि तोंड मिटून बसली."

"शेळीला बोट कुठलं, बाबा?"

"तिला बोट नव्हतं, तरी तिला वाचता आलं. आपल्याला वाचता येत होतं, तरी समजायला एका बाईचा पाय लागला."

लेक हसली नाही. काकाही नाही. थोडा वेळ दोघं नुसतीच करवत ऐकत राहिली, आणि त्यात फार बरं वाटत होतं. मग काका म्हणाले, "हेल्मेट घाल. बक्कल लाव. लावलंस? टिंग टिंग." आणि फोन ठेवून दिला.

खोली पुन्हा गप्प झाली. दुसऱ्या खुर्चीतून प्लास्टरबाईने वर्तमानपत्राचं पान उलटलं.

तेव्हा मंडळी, गोष्टीतली शेळी खोटी असेल, पण ती पाटी खरी आहे. आपलं माणूस गाडीवर असताना त्याचा फोन आला तर प्रेमाने कापा, आणि आपण गाडीवर असलो तर फोन वाजू द्या. बोलायचं असेल तर गाडी बाजूला घ्या, स्टँड लावा आणि मग पोटभर बोला. घरी वाट बघणाऱ्याला आपला आवाज थोडा उशिरा मिळाला तरी चालतो. आपण मात्र अख्खे मिळायला हवेत. आणि रस्ता ओलांडणाऱ्या बाईलाही कुणीतरी वाट बघणारं असतंच.