तांत्रिक कारणास्तव

"भरपाई मंजूर झालीये काका. आता इथं सही करा, की सुटलात," विमान कंपनीच्या काउंटरवरची बाई म्हणाली.

लिफ्टवाल्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि कागद पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. मागे रांग होती. कुणीतरी खाकरले. तिसऱ्या ओळीवर त्यांचे बोट थांबले.

"तांत्रिक कारण, म्हणजे नेमकं काय बिघडलं होतं?"

हा प्रश्न बाईने त्यांच्या तोंडून याआधी दोनदा ऐकला होता. तिने पुन्हा तेच सांगितले. वरून एवढेच कळवतात, आम्हीही एवढेच लिहितो, आणि पैसे तर मिळतायत ना. लिफ्टवाल्यांनी कागद तसाच तिच्याकडे परत सरकवला.

"काय बिघडलं ते लिहून द्या. मग सही करतो."

छत्तीस वर्षे ते लिफ्ट दुरुस्त करत आले होते. ज्या इमारतीत लिफ्ट, तिथे तिची एक वही, आणि काम झाले की त्या वहीत नोंद. नवीन असताना त्यांनी एकदा नोंदीत नुसते 'तांत्रिक बिघाड' असे लिहिले, तेव्हा साहेबांनी वही त्यांच्या अंगावर फेकली होती. माणूस मेला तर 'बरं नव्हतं' एवढंच लिहितात का, असे विचारले होते. तेव्हापासून ते प्रत्येक नोंदीत तीन गोष्टी लिहीत. कुठला भाग गेला, कशाने गेला, आणि आधी लक्षात यायला हवे होते का. तिसरी गोष्ट लिहिताना कितीदा तरी स्वतःचीच चूक स्वतःच्या हाताने लिहावी लागे. तीही ते लिहीत.

बायको म्हणायची, मी एखाद्या दिवशी बंद पडले तरच तुमचं माझ्याकडे लक्ष जाईल.

ती मुलीकडे गेली होती ती पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी. ऑपरेशन लहानसे, चार दिवसांत घरी, असे डॉक्टर म्हणाले होते. सहाव्या दिवशी ताप चढला. मंगळवारी दुपारी मुलीचा फोन आला, बाबा, तुम्ही आता या. मंगळवारी संध्याकाळी एक विमान होते आणि बुधवारी साडेबाराला दुसरे. लिफ्टवाल्यांनी बुधवारचे तिकीट काढले. मुलीला सांगितले की संध्याकाळच्या विमानात जागा नाही. बायको फोनवर आली तेव्हा तिलाही तेच सांगितले. तिचा आवाज बारीक झाला होता, पण ती म्हणाली, "मग उद्या या. मी कुठं पळून चाललेय."

संध्याकाळच्या विमानात जागा होती. एका नऊ मजली इमारतीच्या लिफ्टचे दोर बदलायचे काम मात्र अर्ध्यावर आले होते. दोन दोर नवे पडले होते, दोन जुनेच होते. उघडलेले काम दुसऱ्याच्या हाती द्यायचे नाही, हा त्यांचा नेम. कामावरचा जोडीदार म्हणालाही होता, दादा, तुम्ही जा, मी बघतो. ते गेले नाहीत. रात्रीपर्यंत चारही दोर बसवले, वही लिहिली, किल्ली वॉचमनला दिली.

बुधवारी साडेबाराचे विमान दीड वाजता निघेल असे सांगण्यात आले. मग तीन. मग सव्वाचार. पाच वाजता रद्द. पुढचे विमान दुसऱ्या दिवशी सकाळी. ते गुरुवारी पावणेदहाला इस्पितळात पोचले. ती बुधवारी संध्याकाळी सव्वासातला गेली होती.

विमान वेळेवर सुटले असते तर ते तीन-साडेतीनला तिच्याजवळ असते. हा हिशेब त्यांनी इतक्यांदा केला होता, की झोपेत विचारले तरी सांगितला असता.

भरपाईचा अर्ज जावयाने भरला. कंपनीने पहिल्यांदा उत्तर दिले, हवामान खराब होते. त्या दिवशी लिफ्टवाले साडेचार तास काचेला नाक लावून बसले होते, आणि सबंध वेळ ऊन त्यांच्या मांडीवर पडले होते. त्यांनी तसे पत्र लिहिले. मग कंपनीने 'तांत्रिक कारण' काढले. त्यावर त्यांनी दुसरे पत्र लिहिले, मग तिसरे. जोडीदार कामावर सगळ्यांना सांगत सुटला की दादा आता विमानवाल्यांनाही वही ठेवायला लावणार. मुलगी मात्र चिडायची. सोडून द्या बाबा, त्यानं काय होणारे, म्हणायची. आईचा विषय निघाला की ती फोन नवऱ्याकडे द्यायची. लिफ्टवाल्यांना वाटे, पोरीने मनातून आपल्यालाच दोषी धरले आहे.

त्यांना पैसे नको होते असे नाही. पण पैशांनी वहीतल्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळत नव्हते. कुणीतरी कुठेतरी हयगय केली असणार. एखादा बोल्ट नीट आवळला नसेल, एखादी तपासणी न करताच सही ठोकली असेल. तो माणूस कागदावर आला की झाले. मग मंगळवारची संध्याकाळ कुणी विचारणार नव्हते. त्यांनी स्वतःसुद्धा नाही.

काउंटरवरच्या बाईने त्या दिवशी कागद ठेवून घेतला, आणि रांग ओसरल्यावर त्यांचे तिसरे पत्र पहिल्यांदा नीट वाचले असावे. कारण पंधरा दिवसांनी तिचाच फोन आला. ते गेले तेव्हा तिने मंजुरीच्या कागदामागे आणखी एक पान जोडले होते. देखभाल विभागातून मागवून घेतलंय, म्हणाली, तिथं माझ्या ओळखीचे एक आहेत. मग हलकेच म्हणाली, "काका, तुम्ही तिकडं बाकावर बसून वाचा."

ते बाकावर बसले. पान छापील नव्हते, कुणीतरी हाताने लिहिलेले होते. अक्षर कामाच्या माणसाचे. पुढच्या चाकाच्या तेलनळीच्या सांध्यातून पाझर. उड्डाणापूर्वीच्या तपासणीत आढळला. रबरी कडे आतून चिरलेले. मागील तपासणी वेळेवर झालेली, तेव्हा सांधा कोरडा. पाझर किरकोळ आहे, विमान सोडता येईल का अशी विचारणा झाली. सही देण्यास नकार दिला. सुटा भाग दुसऱ्या शहरातून मागवला, पाच वाजेपर्यंत आला नाही. खाली सही, आणि वेळ, मिनिटांसकट.

लिफ्टवाल्यांनी पान दोनदा वाचले. कुठला भाग, कशाने, आधी लक्षात यायला हवे होते का. सगळे होते. हयगय कुठेही नव्हती. वरून दटावणी आली असेल, दीडशे माणसे खोळंबली असतील, तरी त्या माणसाने सही केली नव्हती. त्यांनीही केली नसती.

त्यांनी तिथूनच मुलीला फोन लावला.

मिळालं कारण, म्हणाले. पान वाचून दाखवले. मग नेहमीसारखेच ती म्हणाली, झालं ना आता बाबा, करा सही आणि जा घरी.

"त्या मिस्त्रीची चूक नाही," ते म्हणाले. "माझी आहे. मंगळवारच्या विमानात जागा होती. मी दोरांचं काम सोडलं नाही. तुला खोटं सांगितलं. तिलाही."

फोन जावयाकडे गेला असेल असे त्यांना वाटले. पण मुलगीच होती.

"मीही खोटं बोलले, बाबा."

"काय?"

"आई सारखी विचारत होती, कुठवर आले. तुमचं विमान लांबतच होतं. मी तीन वाजता सांगितलं, बसले विमानात. सहाला सांगितलं, उतरले, टॅक्सी मिळाली. सात वाजता पुन्हा विचारलं तिनं. मग मी सांगितलं, खाली आलेत. इथली लिफ्ट बंद आहे, म्हणून जिन्यानं येतायत."

"तिथली लिफ्ट तर चालू होती," लिफ्टवाले म्हणाले. गुरुवारी सकाळी ते त्याच लिफ्टने वर गेले होते.

"मला दुसरं काही सुचलंच नाही." ती रडत होती, पण सांगायची थांबली नाही. "आई हसली त्यावर. म्हणाली, मग कसले येतायत, आधी ती दुरुस्त करत बसतील. मी म्हटलं, नाही गं, येतायत, खरंच जिन्यानं येतायत. ती दाराकडं बघत होती. मी मजले सांगत होते. पहिल्यावर आले, दुसऱ्यावर आले. तिचं बोलणं थांबलं, तरी मी सांगत होते. हे तुम्हाला कसं सांगायचं तेच कळत नव्हतं मला."

समोर लोक बॅगा ओढत जात होते. कुठले तरी विमान वेळेवर सुटत असल्याची घोषणा झाली. बायकोचा वॉर्ड पाचव्या मजल्यावर होता.

"ती गेली तेव्हा," त्यांनी विचारले, "मी कितव्या मजल्यावर होतो?"

"चौथ्या."

लिफ्टवाल्यांनी फोन कानाला तसाच धरून ठेवला. दुसरा हात त्यांनी गुडघ्यावर टेकवला आणि तोंडाने श्वास घेत राहिले. शेजारी बसलेल्या बाईने आपली पाण्याची बाटली पुढे केली आणि विचारले, फार जिने चढून आलात का.

त्यांनी मान हलवली, हो.